पाणी समुद्राला मिळतं, वाया जात नाही

गणपती गेल्यावरचा पहिला रविवार होता. श्रावण आणि गणपती मिळून महिना-दीड महिना तोंड बांधून बसलेलं बेळगाव त्या दिवशी मासळी बाजारात उतरतं. मीही पिशवी घेऊन उतरलो होतो. नेहमीच्या मावशीपुढे बांगडे होते, थोडे पेडवे होते, कोपऱ्यात बर्फाखाली दोन सुरमया होत्या. सुरमईकडे बघायचंही धाडस माझ्यात नव्हतं.

"मावशी, बांगडा कसा?"

"शंभराला तीन."

"गेल्या वर्षी पाच देत होतीस की."

"गेल्या वर्षीचा दर्या कुठं ऱ्हायलाय? मालच येऊलाला न्हाई बग. काय मिळतंय ते तिकडंच खपतंय."

तिने एका बांगड्याचा कल्ला अंगठ्याने वर उचलून लालपणा दाखवला. हा तिचा पावती द्यायचा प्रकार. मी मान हलवल्यावर पोट फाडून बोटाने आतला काळपट गोळा बाहेर ओढला, तर त्याच्याबरोबर एक निळा नायलॉनचा तंतू आला. लांबी बोटाच्या पेराएवढी. मी विचारलं, हे काय? "जाळ्याचा दोरा. असतंय की," म्हणत तिने तो बादलीत झटकला आणि पुढचा बांगडा हातात घेतला. तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं, तक्रारही नव्हती. तांदळात खडा निघावा तसा तो दोरा निघाला.

बाजारातून बाहेर पडून चहाला बसलो. शेजारच्या टेबलावर दोघे पेपर वाचत होते. म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या वादाची बातमी होती, ती वर्षभर असतेच. त्यातला एक मोठ्याने म्हणाला, "एवढं पाणी समुद्रात वाया जाऊलालंय आणि आपल्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी!" दुसऱ्याने मान डोलावली. चहावाल्यानेही डोलावली. माझ्या पिशवीतले तीन बांगडे मात्र ह्या ठरावाला अनुमोदन देतील असं मला वाटेना.

'समुद्रात वाया जाणारं पाणी' हे शब्द मी लहानपणापासून ऐकतो. प्रचारसभेत ऐकले, शेतकऱ्यांच्या मोर्चात ऐकले, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तर स्वतः म्हटले आणि बक्षीस घेतलं. कन्नडमध्येही तेच, 'समुद्रक्के व्यर्थवागी हरियुव नीरु'. आमच्या भागात मराठी आणि कन्नड पुढाऱ्यांचं एकमत होतं असे विषय बोटावर मोजण्याइतके, त्यातला हा एक. आणि नेमका तोच चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी आपण राहतो कुठे ते बघू. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे निघालं की वाटेत कणकुंबी लागतं. तिथे मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला वळते, खानापूर ओलांडते, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थच्या धरणात अडते आणि पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते. कृष्णा आंध्रात हंसलदिवीजवळ बंगालच्या उपसागरात जाते. आणि त्याच कणकुंबीच्या परिसरातले कळसा, हलतरा, सुर्ला हे नाले पश्चिमेला उतरतात, म्हादईला मिळतात. म्हादईची गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी ती अरबी समुद्रात शिरते. म्हणजे कणकुंबीत एखाद्या कौलारू घरावर पाऊस पडला, तर पाख्याच्या एका बाजूचं पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या समुद्राला आणि दुसऱ्या बाजूचं सगळं दख्खन ओलांडून दुसऱ्याच समुद्राला, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. उलटही खरं आहे. आंबोलीला, म्हणजे समुद्राच्या अगदी उशाशी, उगम पावणारी हिरण्यकेशी पश्चिमेला न उतरता आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत आमच्याच जिल्ह्यात येऊन घटप्रभेला मिळते. आम्हाला किनारा नाही, पण दोन समुद्रांचे नळ आमच्या अंगणात आहेत.

आता ह्या नळातून समुद्राला काय मिळतं?

बांगडा आणि पेडवा खुल्या समुद्रातले मासे, त्यांचं सोडू. पण कोळंबीचं पाहा. तिची अंडी समुद्रात, आणि पिल्लं मात्र भरतीबरोबर खाडीत येतात. खारफुटीच्या मुळांत, निमखाऱ्या पाण्यात वाढतात, मोठी झाली की परत समुद्रात. खाडीत गोडं पाणी आलं नाही तर तो पाळणाच मोडतो. तिसऱ्या, खुबे, कालवं ह्या शिंपल्यांनाही पाणी ना पुरतं खारं चालतं ना पुरतं गोडं. गोव्याने २०१६ साली आपला राज्यमासा म्हणून शेवटो निवडला, म्हणजे आपला बोय. तो खाडीतला मासा. मांडवीतल्या चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणजे खारफुटीच. गोव्याच्या खाजन जमिनी, म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेली शेती, ते बांध, त्या मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं, हे सगळं नदीचं गोडं आणि समुद्राचं खारं पाणी किती येतं-जातं यावर शतकानुशतकं बेतलेलं आहे. पावसाळ्यात नदी खाऱ्याला बाहेर ढकलते, उन्हाळ्यात खारं पुन्हा आत चढतं. नदीचा जोर कमी झाला की ते जास्त आत चढतं, एवढं साधं गणित आहे.

पाण्याबरोबर गाळही जातो. गाळातून आणि झिजलेल्या खडकातून सिलिका जाते, म्हणजे वाळूतलं द्रव्य. समुद्रात डायाटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती असतात, त्यांच्या अंगावर काचेसारखी पेटी असते आणि ती ह्या सिलिकेची. लहान मासे, कोळंबीची पिल्लं, सगळी जत्रा ह्या डायाटमवर पोसली जाते. आपण धरणं बांधली, गाळ अडला, सिलिकाही बरीच अडली. पण त्याच पाण्यातून शेतातलं नत्र मात्र विरघळून पुढे गेलं. डायाटमला काच मिळत नाही आणि इतर शेवाळांना खत मात्र पोटभर. मग समुद्रात जे वाढतं, ते माशांच्या कामाचं असेलच असं नाही. रात्री किनाऱ्यावर निळं चमकणारं पाणी लोक मोबाईलवर टिपतात, त्यातला नॉक्टिलुका हा जीव माजायला लागलाय, हा अरबी समुद्राच्या अभ्यासकांचा अनुभव आहे. दिसायला देखणा, पण त्याच्यावर जगणारे मासे फार थोडे.

तेव्हा समुद्राकडे जाणारं पाणी म्हणजे नदीच्या तोंडचं खाणंपिणं आहे. ते अडवायचं असेल तर अडवा, पण कुणाच्या ताटातलं काढतोय ते कळून अडवा.

आणि आपण नुसतं कमी पाणी देतो असं नाही. जे देतो ते कसलं, हा खरा प्रश्न.

आमची वडगाव शिवारात थोडी भातजमीन आहे. बेळगावच्या बासमतीचं जे नाव एकेकाळी होतं, ते ह्याच वडगाव-शहापूर-येळ्ळूरच्या काळ्या चिकट मातीचं. त्या शिवाराला लागून बळ्ळारी नाला वाहतो. आजोबांच्या तोंडी तो 'वहाळ' होता, त्यात ते बैल धूत. आता पावसाचा पहिला जोर आला की नाला शेतात शिरतो आणि ओसरताना जे ठेवून जातो त्याला पाणी म्हणवत नाही. मागल्या वर्षी रोप लावणीला उतरलेल्या बाया तासाभरात बांधावर येऊन पाय खाजवत बसल्या. एकीने घोट्याला लाल पुरळ दाखवून विचारलं, "मालक, ह्येच्यात भात करताय आणि खाताय बी?" उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. बांधाच्या बाभळीवर नाला ओसरल्यावर लोंबणाऱ्या पिशव्यांवरून पुराची उंची मोजता येत होती. एक गुडघ्याइतकी, एक छातीइतकी, आणि सगळ्यात वरची डायपरची.

ह्या नाल्यासाठी एका कार्यालयात मी अर्ज घेऊन गेलो होतो. तिथे कळलं की नाला एका खात्याचा, त्यातलं पाणी दुसऱ्याचं, काठ तिसऱ्याचा. घाणीचा मालक कोण ते कुणीच सांगेना. शेवटी एक सज्जन म्हणाले, "नाळे बन्नी." उद्या या. बेळगावच्या मराठी माणसाला कन्नड येत नाही असं कोण म्हणतं! हे दोन शब्द आम्हा सगळ्यांना पाठ आहेत.

हा नाला, मार्कंडेय, घटप्रभा, कृष्णा, असा आमच्या घाणीचा प्रवास. शहराचं सांडपाणी शुद्ध करायच्या प्रकल्पाची चर्चा वर्षानुवर्षं ऐकतोय, आणि त्यात जमीन जाणाऱ्या हलग्याच्या शेतकऱ्यांचा सुपीक जमिनीसाठीचा झगडाही. जमीन घेणाऱ्यांनी त्या शेतकऱ्यांना जसं वागवलं ते बरोबर नव्हतं, पण म्हणून सांडपाणी तसंच सोडणं बरोबर ठरत नाही. आणि आपण एकटेच पापी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या शहरांचं रोजचं सांडपाणी ७२,३६८ दशलक्ष लिटर दिलंय आणि त्यातलं प्रत्यक्ष शुद्ध होणारं २०,२३६ दशलक्ष लिटर. शंभरातले अठ्ठावीस. बाकीचे बहात्तर कुठल्या ना कुठल्या नदीत.

शहराहून मोठं प्रकरण उसाचं. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आमच्या जिल्ह्यात. अथणी, चिक्कोडी, गोकाक, हुक्केरी, जिकडे बघाल तिकडे ऊस. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारं काळं पाणी इतकं जहाल असतं की ते कुजायला लागणारा प्राणवायू लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या वर जातो. घरगुती सांडपाण्याला तो दोन-तीनशे लागतो. नियमाने ह्या काळ्या पाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही. तरी हंगामात, नदीला पाणी कमी असताना, शिरोळ-मिरजेच्या बाजूला मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात, तेव्हा पेपरात 'मळीमिश्रित पाणी' हाच शब्द असतो. पंचगंगेत काय येतं ते इचलकरंजीतल्या २०१२ च्या काविळीच्या साथीने सगळ्यांना दाखवलं. ती पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते आणि कृष्णा पुढे आमच्या अंकली, कुडची, उगारला येते. म्हणजे महाराष्ट्राची घाण आम्हाला, आमची बागलकोटला. सीमाभागाचा प्रश्न न्यायालयात असला तरी घाणीच्या बाबतीत एकीकरण कधीच झालंय.

उसाला युरिया लागतो. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. मी स्वतः शेतकरी आहे, स्वस्त युरियाला नाव ठेवणारा शेतकरी भेटायचा नाही. पण पाटपाण्यात मुठीने फेकलेल्या युरियातलं निम्म्याहून कमी नत्र पिकाला लागतं, उरलेलं हवेत, विहिरीत आणि ओढ्यात. आमच्या गावात बोअरचं पाणी लहान मुलाला देऊ नका असं डॉक्टर सांगतात, ते ह्याच नत्रामुळे.

इथे कुणी मला अडवेल. म्हणेल, तुमच्या नाल्याची घाण हजार किलोमीटर जाऊन समुद्राला पोचते म्हणता, मधे अलमट्टी आहे, नारायणपूर आहे, श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहे. पोचते तरी काय? शंका रास्त आहे. मळीचं पाणी समुद्रापर्यंत जात नाही, ते वाटेतल्या नदीचाच जीव घेऊन संपतं. उन्हाळ्यात तर खुद्द कृष्णाच समुद्रापर्यंत पोचत नाही. तिच्या तोंडाशी नावापुरतं पाणी उरतं, गाळ धरणांत अडल्यामुळे तिथला त्रिभुज प्रदेश खचतो, समुद्र जमीन खातो. ऑलिव्ह रिडले कासवं जिथे अंडी घालायला येतात तो किनारा हाच. पोचतं ते दोन प्रकारचं. एक, पाण्यात विरघळलेलं, म्हणजे नत्र. दुसरं, पाण्यावर तरंगणारं, म्हणजे प्लास्टिक, आणि तेही एकदम, पुराच्या दिवसांत. २०१९ च्या पुरात नदीकाठच्या गावांतलं किती काय वाहून गेलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. वर्षभर साठवलेली घाण चार दिवसांत पाठवायची, ही आपली रीत.

पश्चिमेच्या बाजूला तर मधे मोठं धरणही नाही. चोर्ला आणि अनमोडच्या घाटांत रविवारी गोव्याला जाणाऱ्या आमच्याच गाड्या थांबतात. धबधब्याखाली पार्टी, बाटल्या तिथेच. ओढ्यातून म्हादई, म्हादईतून पणजी. गोव्याच्या खाड्यांतल्या पाण्यात, गाळात, शिंपल्यांत सूक्ष्म प्लास्टिक सापडल्याचं तिथल्या संशोधकांनी मोजून दाखवलंय. आणि मग तेच लोक कलंगुटला उतरून म्हणतात, गोव्याचा समुद्र किती घाण झालाय बघ.

हो, सगळं आमच्यावरच नाही. मे-जूनमध्ये गोव्याच्या वाळूवर डांबराचे गोळे येतात, ते बहुधा बाहेरून जाणाऱ्या जहाजांच्या तेलाचे. मांडवीतून लोहखनिजाचे बार्ज जायचे तेव्हा नदीचं पाणी लाल व्हायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये खाणी थांबवल्या. कांदोळीला 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज २००० साली रुतलं ते बारा वर्षं तिथेच गंजत पडलं. २०२५ च्या मेमध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं तेव्हा त्यातले प्लास्टिकचे दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले. तरीही जाणकार सांगतात की समुद्रातल्या प्रदूषणाचा सुमारे चार पंचमांश भाग जमिनीवरून येतो. जहाजाची बातमी होते, नाल्याची होत नाही.

समुद्रात प्रत्यक्ष काय घडतंय, त्यातली एक गोष्ट आमच्या बाजाराच्या दराशी थेट जोडलेली आहे. पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी, ऑगस्ट ते ऑक्टोबर, गोवा-कारवारच्या किनाऱ्याजवळ खोल समुद्रातलं थंड आणि प्राणवायू कमी असलेलं पाणी वर येतं. त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याची पातळ साय असते, ती झाकणासारखी बसते, वरची हवा खाली मिसळत नाही. (म्हणजे एरवी ज्या गोड्या पाण्याची मी बाजू घेतोय ते इथे झाकण होतं. निसर्ग आपल्या बाजूने साक्ष देईलच असं नसतं.) हे नैसर्गिक आहे, पूर्वीपासून होत आलंय. पण गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये मांडलं की ही घुसमट वाढतेय, आणि जमिनीवरून येणारं खतांचं नत्र हे त्याचं एक कारण असू शकतं. १९९९ च्या पावसाळ्यानंतर तर तळाशी प्राणवायू संपून सडक्या अंड्यासारखा वास देणारा वायू सापडला होता. शेवाळ माजतं, मरतं, तळाला बसतं, कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं. तळातले मासे पळतात. पळता येत नाही ते मरतात. शिरोळला नदीत मासा ज्या कारणाने मरतो, त्याच कारणाने कारवारला समुद्रातला मासा जाळ्याबाहेर जातो. आणि मावशी म्हणते, मालच येऊलाला न्हाई.

पण प्रत्येक कमी मासळीचं खापर प्रदूषणावर फोडण्यातही अर्थ नाही. केरळात तारलीची मासळी २०१२ मध्ये जवळपास चार लाख टन होती, ती २०२१ मध्ये ३,२९७ टनांवर आली. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. त्यामागे समुद्राचं तापणं होतं, एल निनो होता, आणि अंडी घालण्याआधीच मासे उपसणारी माणसंही होती. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी आहे, ती कितपत पाळली जाते हा वेगळा लेख होईल. एलईडीचे दिवे लावून रात्री मासे गोळा करणाऱ्या बोटींचा तर त्याहून वेगळा. कमजोर झालेल्या माणसाला साधा तापही भारी पडतो. आपली घाण हा त्यातला एक ताप, आणि तो थांबवणं आपल्या हातात आहे. एल निनो नाही.

आता पाण्याच्या वाटपाकडे येतो. कृष्णेसाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद बसला, २००४ मध्ये ब्रिजेशकुमार लवाद. म्हादईसाठी २०१० मध्ये लवाद नेमला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवाडा झाला. म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी त्यात १८८.०६ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) धरलं, त्यातलं कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातलं कळसा आणि भांडुरा ह्या दोन नाल्यांचं मिळून ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवायचं. आकडे दशांशापर्यंत. तीन राज्यांचे वकील, हजारो पानं, वर्षानुवर्षं सुनावण्या, आणि सगळा वाद किती पाणी कुणाचं याचा. पाणी कसं, हा वाद एकाही राज्याला आपला वाटत नाही, कारण त्यात प्रत्येक जण वरच्याचा फिर्यादी आणि खालच्याचा आरोपी आहे. सांगली-कोल्हापूरवर बोट दाखवलं की बागलकोट आमच्यावर दाखवणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

किनाऱ्याचा कायदाही तसाच. १९९१ पासून किनारपट्टी नियमन क्षेत्र आहे, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरच्या आत काय करायचं आणि काय नाही ते त्यात आहे. हॉटेल बांधायचं तर त्याला विचारा. बळ्ळारी नाला त्या ५०० मीटरच्या बाहेर आहे, चांगला शेकडो किलोमीटर बाहेर. समुद्राच्या दारात पहारेकरी उभा केलाय आणि घाण येते ती नळातून.

कळसा-भांडुऱ्याच्या ३.९ टीएमसीबद्दल माझं मत विचाराल तर सांगतो, आणि दोन्ही बाजूंना ते आवडणार नाही. १८८ मधले ३.९ म्हणजे दोन टक्के. त्यामुळे मांडवी आटेल असं म्हणणं खरं नाही. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवं, नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्याने १९८० मध्ये त्याच मलप्रभेच्या पाण्यापायी गोळ्या झेलल्यात. त्यांची तहान खोटी नाही. पण पावसाळ्यातले दोन टक्के वेगळे आणि जानेवारीतल्या ओढ्याची धार वेगळी. उन्हाळ्यात खाडीला जे पाणी जातं ते ह्या नाल्यांच्या उगमाकडच्या भीमगडच्या जंगलातून थेंबाथेंबाने झिरपलेलं असतं. ते जंगल खणून कालवे काढायचे आणि मग त्याच पाण्यावर मलप्रभेच्या लाभक्षेत्रात ऊस लावायचा, ह्याला तहान म्हणत नाहीत. पिण्यासाठी किती आणि उसासाठी किती, हे आधी कागदावर वेगळं करा. शेतात ठिबक टाका, खत ठिबकमधून द्या, पाणी आणि युरिया दोन्ही वाचतील. ठिबकचे पैसे कारखान्याने बिलातून कापून घेतले तरी चालेल, सवय आहे आम्हाला.

आणि मागणी करायचीच असेल तर ती अशी करा की राज्यांच्या सीमेवर, कृष्णा-वेदगंगा-दूधगंगा आमच्याकडे येतात तिथे आणि घटप्रभा-मलप्रभा आमच्या जिल्ह्यातून बाहेर पडतात तिथे, पाणी किती आलं त्याच्या शेजारीच ते कसं आलं याचाही फलक लागू दे. रोजचा. प्राणवायू किती, नत्र किती. मराठीत, कन्नडमध्ये, जिथे जे चालतं त्या भाषेत. वरच्याने घाण पाठवली तर खालच्याला दाद मागायला काहीतरी हातात असेल. मग बागलकोटच्या एखाद्याने आमच्याविरुद्ध दाद मागितली तर मी बेळगावचा असूनही त्याच्या बाजूने उभा राहीन, वडगावच्या बांधावरून तरी.

चोर्ल्याच्या घाटातल्या तपासणी नाक्यावर दारूच्या बाटल्या मोजतात. आत गोव्याहून येताना किती आणल्या ते. बाहेर जाताना प्लास्टिकच्या किती नेल्या आणि परत किती आणल्या, ते मोजायला काय हरकत आहे? हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

चहा संपवून उठलो तेव्हा मासळी बाजार आवरायला लागला होता. मावशीने बर्फाचं पाणी फळीवरून ढकलून दिलं, मग आतडी, कल्ले आणि शेपट्यांची बादली गटारात उपडी केली. दोन मांजरं धावली, त्यांनी हवं ते उचललं. बाकीचं पाण्याबरोबर निघालं, निळा दोराही त्यात असणार. कारवार नाही तर वास्कोच्या बोटीतून आलेल्या बांगड्याची आतडी आता गटारातून नाल्याला, नाल्यातून नदीला, बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागली होती. मावशीने हात धुतले आणि मला हाक मारली. "अगा, उरलेलं दोन पेडवं घेऊन जा, पैसं पुढच्या रविवारी दे."

मी घेतले.